उपयोग कळण्याआधीचा आदर

निसर्गरक्षणाची बाजू मांडताना आपण बहुतेकदा उपयोगांची यादी वाचतो: झाड सावली देतं, मधमाशी परागीभवन करते. ही कारणं खरी आहेत, पण पुरेशी नाहीत. गिधाडांचा इतिहास हेच सांगतो. १९९०च्या दशकात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं झपाट्याने कमी होऊ लागली आणि २००७पर्यंत त्यांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. कारण २००४मध्ये उलगडलं. गुरांना दिलेलं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाई आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होत. उघड्यावर मढी कुजू लागली, तेव्हा कुठे या पक्ष्याचं काम आपल्या लक्षात आलं. म्हणजे उपयोग कळायला आधी नाश व्हावा लागला.

म्हणूनच नॉर्वेचे तत्त्वज्ञ आर्ने नेस मला महत्त्वाचे वाटतात. १९७३मध्ये त्यांनी मांडायला घेतलेल्या सखोल पर्यावरणवादाचा गाभा असा, की माणसाला उपयोग असो वा नसो, प्रत्येक जीवाला स्वतःचं मूल्य आहे. मग शेतकऱ्याने आजारी बैलावर उपचार करायचे नाहीत का, असा आक्षेप येतो. तसं मुळीच नाही; माणसाच्या अत्यावश्यक गरजा नेस यांनीही मान्य केल्या होत्या. शिवाय २००६मध्ये भारताने जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी आणली, तेव्हा गिधाडांना सुरक्षित असलेलं मेलॉक्सिकॅम उपलब्ध होतं. बैलाची वेदना आणि गिधाडाचा जीव, दोन्हींची काळजी घेणं शक्य होतं. आदर म्हणजे हात बांधून बसणं नव्हे. आपल्या कृतीची झळ कोणाला बसेल, हे आधी तपासणं म्हणजे आदर; मग तो जीव आपल्या कामाचा असो वा नसो.