वरची दाढ आणि डोळ्याची नस

वरची दाढ काढायची म्हटलं की अर्धं घर विरोधात उभं राहतं. "डॉक्टर, वरच्या दाढेला डोळ्याची नस जोडलेली असते. दाढ काढली की नजर जाते." एकाच घरातल्या आजी, सून आणि नातू अशा तिन्ही पिढ्यांचे दात मी तपासतो आणि तिन्ही पिढ्या मला हेच सांगतात. याचा वैताग येतो, कारण या भीतीपायी माणसं किडलेली दाढ तशीच ठेवून महिनोन्महिने पेनकिलर खात राहतात.

मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या १२ जोड्या आहेत. पाहण्याचं काम दुसऱ्या जोडीचं, दातांची संवेदना पाचव्या जोडीकडे. या पाचव्या नसेला तीन फाटे फुटतात: पहिला कपाळ आणि डोळ्याकडे, दुसरा वरच्या दातांकडे, तिसरा खालच्या दातांकडे. पहिला फाटा डोळ्यात कचरा गेलेला कळवतो, दृष्टीशी त्याचा संबंध नाही. पण मूळ नस एकच असल्यामुळे वरच्या दाढेचा ठणका डोळ्यामागे जाणवू शकतो. समजूत बहुधा तिथूनच आली. माझ्यावर विश्वास नसेल तर 'ग्रेज ॲनाटॉमी' उघडून पाहा. बीडीएसच्या पहिल्याच वर्षी आम्हाला हे शिकावं लागतं.

"पण आमच्या काकांना दाढ काढल्यावरच चष्मा लागला!" लागला असेल. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होतं आणि जवळचं वाचायला चष्मा लागतो. दाढा काढायची वेळही अनेकांवर त्याच वयात येते. भुलेच्या इंजेक्शनने अगदी क्वचित थोडा वेळ एकाचे दोन दिसतात. भूल उतरली की बहुधा तेही थांबतं. तो परिणाम औषधाचा, दाढ काढण्याचा नव्हे.

खरा धोका नेमका उलटा आहे. वरच्या किडलेल्या दाढेचा जंतुसंसर्ग वर पसरत क्वचित डोळ्याच्या खोबणीपर्यंत पोहोचतो, आणि तेव्हा दृष्टी खरोखर धोक्यात येते. म्हणजे नजर जपायची म्हणून जी दाढ ठेवली, तीच नजरेवर उठते.

दुसरी तक्रार माझ्या प्रश्नांबद्दल. "दुखतेय दाढ, शुगर कशाला विचारता?" शुगर आटोक्यात नसेल तर जखम उशिरा भरते आणि हिरड्याही लवकर खराब होतात, म्हणून विचारतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर दाढ काढण्याआधी आम्हाला सांगा. ती स्वतःच्या मनाने बंद करू नका.

आता बाकीचे गैरसमज. दवाखान्यात दात साफ केल्याने ते हलायला लागत नाहीत. हाड आधीच झिजलेलं असतं, किटणाने ते झाकून ठेवलेलं असतं. दुधाच्या दाढा पडणारच, पण त्यातल्या शेवटच्या वयाच्या १० ते १२ वर्षांपर्यंत टिकायच्या असतात, म्हणून त्यांचीही कीड काढावी लागते. कीड म्हणजे अळी नव्हे, दात खाणारं आम्ल तोंडातले जिवाणू साखरेपासून बनवतात. लवंग ठणका थोडा वेळ बधिर करते, कीड थांबवत नाही. आणि मिशरीने दात मजबूत होत नाहीत. ती तंबाखू आहे, तिच्याने तोंडाचा कॅन्सर होतो.

गाल किंवा डोळ्याखालचा भाग सुजला, ताप आला, तोंड उघडेना, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि दाढ काढा म्हणाले तर काढून घ्या.