सेंट थॉमस कॅथीड्रल, मुंबई

मुंबईतील इंग्रजांचे पहिले अँग्लिकन चर्च. फोर्ट विभागात हॉर्निमन सर्कलजवळ, वीर नरिमन मार्गावर ते उभे आहे. परंपरेनुसार भारतात धर्मप्रसारासाठी आलेला ख्रिस्तशिष्य सेंट थॉमस याचे नाव त्यास देण्यात आले. वेगवेगळ्या काळांत पडलेल्या भरीमुळे, व्यापारी वखारीचे ठाणे ते इलाख्याची राजधानी हे मुंबईचे स्थित्यंतर या एका वास्तूत दिसून येते.

मुंबई बेट १६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीकडे आले. गव्हर्नर जेरल्ड आँजिअर (कार. १६६९–७७) याने चर्चची योजना आखून बांधकामास आरंभ केला, परंतु त्याच्या मृत्यूनंतर काम थांबले. सु. साडेचार मी. उंचीच्या अपुऱ्या भिंती पुढे सु. चाळीस वर्षे तशाच उभ्या होत्या. यासाठी जमलेल्या वर्गणीच्या अपहाराचा ठपका अलेक्झांडर हॅमिल्टन या प्रवाशाने गव्हर्नर सर जॉन चाइल्ड याच्यावर ठेवला आहे. दरम्यान उपासना किल्ल्यातील दालनात होत असे. १७१४ मध्ये आलेला धर्मगुरू रिचर्ड कॉब याने नव्याने वर्गणी गोळा केली व गव्हर्नर चार्ल्स बून याच्या कारकीर्दीत काम पूर्णत्वास नेले. २५ डिसेंबर १७१८ रोजी चर्च उपासनेसाठी खुले झाले. त्यातील आसने पदांच्या उतरंडीनुसार वाटलेली होती.

मूळची वास्तू साधी, जाड भिंतींची व ठेंगण्या घंटाघराची होती. १८३७ मध्ये टॉमस कार हा मुंबईचा पहिला बिशप झाल्यावर चर्चला कॅथीड्रलचा, म्हणजे बिशपच्या पीठस्थानाचा, दर्जा मिळाला. पाठोपाठ १८३८ मध्ये पश्चिमेकडे घड्याळासह उंच मनोरा उभारण्यात आला. १८६० नंतरच्या दशकात, कापसाच्या व्यापारातून आलेल्या सुबत्तेच्या काळात, संपूर्ण वास्तूच्या नूतनीकरणाची योजना निघाली. मात्र १८६५ च्या आर्थिक कोसळीमुळे पूर्वेकडील वेदीकक्षच तेवढा पुरा झाला. त्यामुळे साधे मुख्य दालन व गॉथिक शैलीतील वेदीकक्ष यांतील फरक सहज जाणवतो. प्रवेशद्वाराजवळील गॉथिक धाटणीचे कारंजे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट याच्या आराखड्यानुसार झाले असून त्याचा खर्च पारशी दानशूर कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी दिला.

आतील संगमरवरी स्मारकशिल्पे हे या चर्चचे वैशिष्ट्य होय. गव्हर्नर जोनाथन डंकन (कार. १७९५–१८११) याच्या स्मारकलेखात बनारस व काठेवाड येथील बालहत्येची प्रथा बंद करण्याच्या त्याच्या कार्याचा उल्लेख आहे. १८०८ मध्ये फ्रेंचांशी झालेल्या नाविक लढाईत मारला गेलेला कॅप्टन हार्डिंग आणि नेपोलियनने ज्याच्या स्वाधीन होऊन शरणागती पत्करली तो नौदल अधिकारी मेटलंड यांचीही स्मारके येथे आहेत. या शिल्पांतून व लेखांतून राज्यकर्त्यांची आपल्या कार्याविषयीची धारणा व्यक्त होते.

चर्चकडे येणाऱ्या वाटेवरील तटाच्या दरवाजास ‘चर्चगेट’ म्हणत. १८६० नंतर तट पाडण्यात आला, तरी हे नाव पश्चिम रेल्वेच्या स्थानकाच्या रूपाने टिकून आहे. १९७० पासून कॅथीड्रल ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ या संयुक्त धर्मसंघात आहे. एकविसाव्या शतकाच्या आरंभी झालेल्या जीर्णोद्धारास २००४ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार लाभला.