मोजून छापलेली दुर्मीळता

१९६० साली न्यूयॉर्कच्या टॉप्स कंपनीच्या गोदामात बेसबॉल खेळाडूंची जुनी कार्डं जागा अडवून बसली होती. १९५२ सालच्या मालिकेतली, न खपलेली. ती मालिका ज्यांच्या डोक्यातून निघाली, त्या साय बर्जर यांनाच शेवटी ती खोकी कचरा वाहणाऱ्या तराफ्यावर चढवून अटलांटिक समुद्रात बुडवावी लागली. गिऱ्हाईकच नव्हतं, करणार काय! त्याच मालिकेतलं मिकी मँटल या खेळाडूचं एक उत्तम स्थितीतलं कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं.

कागदी कार्डांची दुर्मीळता बहुतेक वेळा अशीच आलेली आहे, म्हणजे ओघाओघात. काही समुद्रात गेली, काही पोरांनी सायकलच्या चाकात अडकवली, काही सुट्टीतल्या साफसफाईत आईने रद्दीवाल्याला दिली. होनस वॅग्नर या खेळाडूचं १९०९ ते १९११ च्या दरम्यान सिगारेटच्या पाकिटातून आलेलं कार्ड तर छापणंच मध्ये थांबलं. आज त्याच्या साठाच्या आसपास प्रती ज्ञात आहेत. ही कार्डं शंभर वर्षांनी मौल्यवान व्हावीत, असा ठराव कुठल्याही संचालक मंडळाने केला नव्हता.

आता फोनवरची कार्डं पाहा. टॉप्सनेच २०१२ मध्ये 'बंट' नावाचं बेसबॉल कार्डांचं अॅप काढलं आणि २०१५ मध्ये 'स्टार वॉर्स'चं. पाकीट विकत घ्यायचं, बोटाने फोडायचं, आतली चित्रं जमवायची, दुसऱ्याशी अदलाबदल करायची. सगळा व्यवहार कागदाच्या काळातलाच, फक्त कागद नाही. आणि इथेच खरी मेख आहे. संगणकातल्या चित्राची दुसरी प्रत काढायला छदामही लागत नाही. कोटी प्रती काढा, शाई संपत नाही. मग दुर्मीळ काय राहणार? तेव्हा टंचाई मुद्दाम निर्माण करावी लागते. एखाद्या कार्डाच्या ठरावीक प्रतीच निघतात. एखादं कार्ड थोडाच वेळ मिळतं, मग खिडकी बंद. काही मालिका मुदतीच्या आत पूर्ण केल्या तरच एक बक्षिसाचं कार्ड हाती येतं, आणि ते बक्षीस पाकिटात कधीच निघत नाही. नेमकं एक कार्ड कमी पडलेला माणूस मध्यरात्री काय भावाने सौदा करत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

या खेळाचा कळस २०२१ च्या सुरुवातीला झाला. कॅनडातल्या व्हँकूवरच्या डॅपर लॅब्ज या कंपनीने अमेरिकी बास्केटबॉलच्या सामन्यांतल्या काही सेकंदांच्या चित्रफिती 'टॉप शॉट' या नावाने विकायला काढल्या होत्या. कार्डाऐवजी त्यांना 'मोमेंट' म्हणायचं. कॉमन, रेअर, लेजेंडरी अशा पायऱ्या, आणि प्रत्येक प्रतीवर तिचा क्रमांक. पाकिटं विक्रीला आली की संगणकावर रांग लागे आणि रांगेतला नंबर चिठ्ठी टाकल्यासारखा ठरे. आधी येऊन बसलात म्हणून आधी मिळेल, असं नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये लेब्रॉन जेम्सच्या एका डंकची, ४९ प्रतींपैकी एक प्रत, २ लाख ८ हजार डॉलरला विकली गेली. तीच चित्रफीत कुणालाही फुकट बघता येत होती. पैसे मोजले गेले ते क्रमांकाला.

क्रमांकाचं वेड बँकेत जन्म काढलेल्या माणसाला नवं नाही. ७८६ वर संपणारी नोट बाजूला ठेवा, असं सांगणारी गिऱ्हाइकं काउंटरवर नेहमी येत. २००६ पासून रिझर्व्ह बँकेने छपाईत खराब झालेल्या नोटांच्या बदल्यात क्रमांकात तारा असलेल्या नोटा काढल्या. हिशेब जुळावा एवढाच हेतू, पण संग्राहकांनी त्याही हेरून ठेवल्या. टॉप शॉटमध्येही पहिल्या क्रमांकाची प्रत महाग, आणि खेळाडूच्या जर्सीचा आकडा असलेली प्रतही महाग. फरक इतकाच, की तारा असलेली दहाची नोट कुणी घेतली नाही तर तिचे दहा रुपये कुठे जात नाहीत.

टॉप शॉटच्या काही मालिकांची प्रतिसंख्या कायमची बांधलेली होती, तर काहींची पुढे वाढवता येत असे. गिऱ्हाइकं वाढली तशा साध्या मोमेंटच्या प्रती हजारोंनी निघू लागल्या आणि भाव उतरले. ब्लॉकचेन म्हणजे कुणालाही खाडाखोड करता न येणारी खातेवही, असं सांगतात. ते मान्य. पण त्याच वहीला नवी पानं जोडून त्याच खेळाडूचे नवे क्षण आणायला मनाई कुठे आहे?

छापणाऱ्याने मनात आणलं तर काय होतं, याचा एक जुना दाखला आहे. १९६२ मध्ये अमेरिकी टपाल खात्याने डाग हॅमरशोल्ड यांच्या स्मरणार्थ तिकीट काढलं. त्यात काही तिकिटांवर पिवळा रंग उलटा छापला गेला. एका संग्राहकाच्या हाती असा अखंड ताव लागला. लॉटरीच म्हणायची! पण पोस्टमास्टर जनरल एडवर्ड डे यांना ही चुकीतली सट्टेबाजी रुचली नाही. त्यांनी तीच चूक मुद्दाम पुन्हा छापायला लावली, सुमारे ४ कोटी तिकिटं. संग्राहक कोर्टात धावला, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

फोनवरच्या वस्तूला आणखी एक भीती असते. 'एफ-वन डेल्टा टाइम' या मोटारशर्यतीच्या खेळातली एकमेव प्रत असलेली डिजिटल गाडी मे २०१९ मध्ये लाखाहून अधिक डॉलरला गेली होती. मार्च २०२२ मध्ये फॉर्म्युला वनचा परवाना संपला आणि खेळच बंद पडला. गाडी जगात एकच होती, पण ती चालवायला रस्ता उरला नाही.

आपल्याकडे हे लोण क्रिकेटच्या वाटेने आलं. रारियो आणि फॅनक्रेझ या कंपन्यांनी क्रिकेटपटूंची डिजिटल कार्डं विकली. सरकारनेही हात आखडता घेतला नाही. १ एप्रिल २०२२ पासून अशा आभासी मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर लागला. १ जुलैपासून मर्यादेवरच्या व्यवहारांत १ टक्का रक्कम आधीच कापली जाऊ लागली. एका कार्डातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वळता करता येत नाही, हे कलम मात्र घरोघरी वाचून दाखवावं असं आहे. शर्टाच्या खिशात फोन घेऊन फिरणाऱ्या चिरंजीवांना ते ठाऊक असेलच असं नाही, आणि बँक खातं बहुधा वडिलांचं असतं.

अमेरिकेत टॉप शॉटचे ग्राहक कोर्टात गेले. हे मोमेंट म्हणजे नोंदणी न केलेले रोखेच आहेत, असा त्यांचा दावा होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायाधीशांनी दावा फेटाळायला नकार दिला. ही खातेवही कंपनीच्याच ताब्यातली, तेव्हा मोमेंटची किंमत कंपनीच्या भवितव्याला बांधलेली आहे, असा त्यांच्या विचाराचा रोख होता. २०२४ मध्ये ४० लाख डॉलरवर तडजोड झाली. आजही टॉप शॉटवर पाकिटं फुटतात. लेब्रॉनच्या त्या डंकच्या ४९ प्रतीही वहीत आपापल्या जागी आहेत, क्रमांकासकट.