विंडोज नक्की कुठल्या डिस्कवरून उठतं?

मनमाडहून दौंडला जायचं तर मार्गाची निवड दोनदा होते. मुंबई-भुसावळ मार्ग सोडून गाडी दक्षिणेला वळते ती मनमाडला, पण दौंड की छत्रपती संभाजीनगर हे ठरतं पुढे अंकाईला. संगणक सुरू होतानाही निवड अशीच दोन टप्प्यांत होते. बटण दाबल्यावर मदरबोर्डवरचं बायोस (नव्या मशिनवर यूईएफआय) कुठली डिस्क आधी बघायची ते ठरवतं. त्या डिस्कवर सापडलेला छोटासा प्रोग्रॅम, म्हणजे बूटलोडर, मग ठरवतो की कुठल्या डिस्कवरचं विंडोज उठवायचं. या दोन डिस्क एकच असायला हव्यात असा नियम कुठेही नाही, आणि जुन्या मशिनला एसएसडी लावताना होणाऱ्या घोळांचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं.

एसएसडी बसवायची, पेन ड्राइव्हवरून तिच्यावर नवं विंडोज टाकायचं आणि जुनी हार्ड डिस्क डेटासाठी आतच राहू द्यायची, हे काम आता नेहमीचं झालंय. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा मोफत आधार संपल्यापासून ज्यांनी ते बदलायला घेतलं, त्यांच्याकडे तर हमखास. मशिन झटपट उठतं, गिऱ्हाईक खूश होतं. पण जुन्या डिस्कवर आधीपासून ईएफआय विभाजन असेल, तर इन्स्टॉलर बऱ्याचदा तेच वापरतो. विंडोज एसएसडीवर बसतं आणि ते उठवणाऱ्या फाइल्स मात्र हार्ड डिस्कवरच राहतात. हे ओळखायला सुरू होताना एफ-१२ (काही कंपन्यांच्या मशिनवर एफ-९ किंवा एस्केप) दाबून बूट मेन्यू उघडावा. पुष्कळ मदरबोर्डांवर ‘विंडोज बूट मॅनेजर’ या नोंदीपुढे कंसात डिस्कचं नाव असतं. ती ओळ सहसा कुणी वाचत नाही. तिथे हार्ड डिस्कचं नाव दिसलं, तर विंडोज एसएसडीवर असूनही मशिन जुन्या डिस्कच्या जिवावर चाललंय. बायोसमध्ये जाऊन एसएसडी पहिल्या क्रमांकावर आणली तरी याला उपाय होत नाही, कारण उठवण्याजोगं तिच्यावर काही नसतंच.

‘चालतंय ना, मग कशाला उघडायचा सीपीयू?’ हा आक्षेप व्यवहारी आहे, पण तो हार्ड डिस्क चालू असेपर्यंतच टिकतो. दोन्हींत जुनी, फिरत्या तबकड्यांची, आधी जाण्याचा संभव असलेली डिस्क तीच. ती बंद पडली की धडधाकट एसएसडीवरचं विंडोजही उठत नाही आणि दोष विनाकारण नव्या डिस्कच्या माथी येतो. म्हणून विंडोज टाकण्याआधी हार्ड डिस्कची केबल काढून ठेवावी, एसएसडी एकटीने उठते याची खात्री करावी आणि मगच केबल परत जोडावी. स्क्रू उघडायला-लावायला लागतील तेवढीच मिनिटं जातात. लॅपटॉपमध्ये हे जिकिरीचं आहे, हे मान्य. तिथे बायोसमध्ये तो सॅटा पोर्ट बंद करायची सोय आहे का ते पाहावं. नसेल तर नंतर एसएसडीवरच छोटं ईएफआय विभाजन करून ‘बीसीडीबूट’ कमांडने बूट फाइल्स तिथे लिहिता येतात. बिटलॉकर चालू असेल तर या खटाटोपाआधी रिकव्हरी की हाताशी हवी, नाहीतर मशिन ती मागत अडून बसेल.

दुसरा युक्तिवाद असा की दरवेळी बूट मेन्यूतूनच डिस्क निवडावी, कायमचा क्रम बदलूच नये. पेन ड्राइव्हपुरता तो एकदम बरोबर आहे, कारण ती निवड त्या एका वेळेपुरतीच असते. पेन ड्राइव्ह कायमचा पहिल्या क्रमांकावर ठेवला, तर तो लावलेलाच राहिल्यावर पुढच्या वेळी इन्स्टॉलरच समोर येऊ शकतो. रोजच्या वापराला मात्र ही पद्धत कामाची नाही. दुकानात बिलं करणारा माणूस रोज सकाळी एफ-१२ दाबत बसणार नाही. शिवाय जुन्या बोर्डांवर बटणसेल उतरला की बायोसचा क्रम मूळपदावर जातो. हार्ड डिस्कवर जुनं विंडोज तसंच पडून असेल तर तेच उठू शकतं, आणि कालची बिलं कुठे गेली म्हणून शोधाशोध सुरू होते. डेटा दुसरीकडे उतरवून ती डिस्क फॉरमॅट मारली, बूट विभाजनासकट, तर सेल गेल्यावर फार तर घड्याळ नव्याने लावावं लागतं.