ठोसा, प्रेम आणि जांब नदीचे दोन काठ

गोव्यातील वाचकांपैकी फार थोड्यांनी पांढुर्णा आणि सौंसर ही नावे ऐकली असतील. नागपूरहून भोपाळकडे जाणाऱ्या लोहमार्गावर महाराष्ट्राची हद्द संपते, तेथे पांढुर्णा लागते. सौंसर त्याच्या पूर्वेस, छिंदवाड्याच्या वाटेवर आहे. संत्र्याच्या बागांचा हा मुलूख आहे. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला आणि तेथील मराठी माणूस सीमेच्या पलीकडे पडला. ऑक्टोबर 2023 मध्ये छिंदवाड्यातून हे दोन तालुके वेगळे काढून पांढुर्णा जिल्हा निर्माण करण्यात आला. कचेरीत हिंदी आणि घरात वऱ्हाडी वळणाची मराठी, असा तेथील व्यवहार आहे.

कमी खर्चात काढलेल्या कराटे-कुंगफूपटांविषयी लिहिताना या गावापासून आरंभ करणे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु त्या चित्रपटांतील एक जुना साचा येथे पडद्यावाचून, दरवर्षी, खऱ्याखुऱ्या रक्तानिशी उभा राहतो. एका बाजूचा तरुण, दुसऱ्या बाजूची तरुणी, मध्ये ओलांडता न येणारी सीमा आणि त्या सीमेवर मारामारी, असा हा साचा आहे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते. त्याच दिवशी पांढुर्ण्यात गोटमार होते. गोटा म्हणजे दगड; नाव मराठी आहे आणि अर्थ सरळ आहे. जांब नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. नदीच्या मध्यभागी पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा बांधतात. सकाळी पूजा होते आणि नंतर दोन्ही काठांवरून दगडांचा वर्षाव सुरू होतो. पांढुर्ण्याच्या बाजूने कुऱ्हाड घेऊन नदीत उतरायचे, झाड तोडून झेंडा हस्तगत करायचा. सावरगावने तो वाचवायचा. शेवटी झेंडा चंडीमातेच्या मंदिरात अर्पण होतो आणि दिवस संपतो.

यामागची कथा अशी सांगितली जाते. पांढुर्ण्याच्या एका तरुणाचे सावरगावच्या तरुणीवर प्रेम जडले. लग्नाला संमती मिळेना, म्हणून तो तिला घेऊन पहाटे नदी ओलांडू लागला. सावरगावकरांना सुगावा लागला, त्यांनी दगड मारले; पांढुर्णेकर त्यांच्या बचावास धावले, त्यांनीही दगडच उचलले. दोघे मध्येच, पाण्यात मेले. पश्चात्ताप पावलेल्या दोन्ही गावांनी देह चंडीच्या मंदिरापाशी नेले आणि मग अंत्यसंस्कार केले. दुसरी एक परंपरा या दगडफेकीचा संबंध भोसल्यांच्या सैन्याच्या सरावाशी जोडते. इतिहासाच्या दृष्टीने कोणती खरी, हा प्रश्न संशोधकांसाठी सोडावा. लोकांनी मात्र प्रेमकथाच उचलून धरली आणि पळसाच्या झाडाला सावरगावची लेक मानले.

आता पडद्याकडे वळू. मारामारीचा चित्रपट स्वस्तात का निघतो, याची कारणे सोपी आहेत. त्यास महाल लागत नाही, मोठा तारा लागत नाही; लागते ते कमावलेले शरीर आणि मोकळी जागा. हाँगकाँगच्या चित्रपटांचे तर चित्रीकरण दीर्घकाळ आवाजाविना होत असे आणि संवाद मागाहून भरले जात. त्यामुळे चित्रपट कोणत्याही भाषेत विकणे सोपे झाले. 1973 सालच्या ‘एन्टर द ड्रॅगन’चा खर्च साडेआठ लाख डॉलरच्या आसपास होता, असे सांगितले जाते. हॉलिवूडच्या हिशेबात ही किरकोळ रक्कम. पण मारामारीला कारण लागते. भावाचा किंवा गुरूचा सूड हे एक कारण झाले. दुसरे आणि अधिक टिकाऊ कारण म्हणजे ‘परकी’ मुलगी. एका प्रेमामुळे शत्रूची टोळी, हद्द आणि कुळ या तिन्ही गोष्टी आयत्याच मिळतात. पटकथेवर वेगळा खर्च करावा लागत नाही.

ही परकी मुलगी दाखवण्यास अमेरिकेत दीर्घकाळ बंदी होती. 1934 पासून काटेकोरपणे लागू झालेल्या निर्मिती-संहितेने गोऱ्या आणि काळ्या वंशांतील प्रेमसंबंध पडद्यावर निषिद्ध ठरवले. ते कलम 1956 मध्ये गेले. प्रत्यक्ष कायद्यातील अशी बंदी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1967 साली रद्द केली, तेव्हाही 16 राज्यांत ती अस्तित्वात होती. त्याआधी तीन वर्षे, 1964 मध्ये, ब्रूस ली याने सिएटल येथे लिंडा एमरी या गोऱ्या तरुणीशी विवाह केला होता. लिंडाच्या घरून विरोध होता. म्हणजे ज्याच्या नावावर हा चित्रप्रकार जगभर गेला, त्याच्या स्वतःच्या घरातच ही कथा घडून गेली होती.

पडद्यावर मात्र ती त्याच्या वाट्याला आली नाही. ‘एन्टर द ड्रॅगन’मध्ये खलनायकाच्या बेटावर गोऱ्या नायकाला आणि काळ्या नायकाला रात्रीसाठी स्त्रिया मिळतात, ब्रूस लीला मिळते ती गुप्त माहिती देणारी सहकारी. हा योगायोग नव्हे. 1989 सालचा ‘किकबॉक्सर’ पाहा. जायबंदी भावाचा सूड घेण्यासाठी थायलंडमध्ये राहिलेला गोरा नायक, त्याचा स्थानिक गुरू आणि गुरूची पुतणी, जिच्यावर त्याचे प्रेम जडते. 1991 च्या ‘शोडाउन इन लिटल टोकियो’त डॉल्फ लुंडग्रेन आणि टिया कॅरेरे. मुलगी ‘त्यांची’, नायक ‘आमचा’: अशी मांडणी असली की निर्मात्याला भीती वाटत नाही. उलट मांडणी क्वचितच सापडते. 1980 च्या ‘द बिग ब्रॉल’मध्ये जॅकी चॅनची प्रेयसी गोरी होती. 1992 च्या ‘रॅपिड फायर’मध्ये ब्रँडन ली याची नायिकाही गोरी होती, ब्रँडन हा त्या 1964 च्या विवाहातून जन्मलेला मुलगा.

2000 साली आलेला ‘रोमिओ मस्ट डाय’ कमी खर्चाचा नव्हता, तरी त्याची हकिगत येथे सांगणे आवश्यक आहे. ओकलंडमधील चिनी आणि काळ्या टोळ्यांचे वैर, त्यात जेट ली आणि आलिया यांची जोडी. शेवटी दोघांचे चुंबन चित्रित झाले होते. पूर्वपरीक्षणासाठी बोलावलेल्या प्रेक्षकांना ते रुचले नाही, म्हणून ते कापून केवळ आलिंगन ठेवण्यात आले, असे सांगितले जाते. नावात रोमिओ आणि चित्रपटात चुंबनही नाही! माणसे मारल्याने कोणाला ओशाळवाणे वाटले नाही, ही गोष्ट मला अधिक लक्षणीय वाटते.

आपल्याकडे वंशाची जागा जात, धर्म आणि भाषा घेतात. ‘एन्टर द ड्रॅगन’च्याच वर्षी राज कपूर यांनी गोव्याच्या कोळ्याची ख्रिस्ती मुलगी आणि मुंबईच्या धनिकाचा हिंदू मुलगा यांची ‘बॉबी’ काढली. ‘मेरा नाम जोकर’ने बुडवल्यानंतर नवे चेहरे घेणे ही त्यांची निकड होती. 1981 च्या ‘एक दूजे के लिए’चे कथानक गोव्यातच घडते. तमिळ मुलगा आणि हिंदीभाषक मुलगी शेवटी जिवानिशी जातात. दोन्ही चित्रपटांत गोवा हे सीमा ओलांडण्याचे ठिकाण आहे. प्रत्यक्ष गोव्यात त्या सीमा किती घट्ट होत्या, हे येथील वाचकांस सांगायला नको.

मराठीत या साच्याचा खरा उलगडा नागराज मंजुळे यांनी केला. 2013 सालचा ‘फँड्री’ हा बेताच्या खर्चाचा चित्रपट. डुकरे धरणाऱ्या कुटुंबातील जब्या वरच्या जातीच्या शालूकडे नुसते पाहतो. तिच्याशी तो धड बोलतही नाही. शेवटी गावासमोर अपमान झाल्यावर तो दगड उचलतो आणि तो दगड थेट कॅमेऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे येतो. गोटमारीत दोन्ही काठ एकमेकांवर दगड मारतात. येथे नदीत अडकलेल्या मुलानेच काठावर बसलेल्यांना दगड मारला. 2016 च्या ‘सैराट’ने, सुमारे 4 कोटींत निघून, 100 कोटींच्या पलीकडे मजल मारली. त्यातील आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, प्रसंगी पिस्तूल हाती घेते. मारामारी नायकाकडून नायिकेकडे आली, हा त्या चित्रपटाचा मोठा फरक होय. 2018 साली त्याची ‘धडक’ ही हिंदी आवृत्ती आली तेव्हा जातीचा उच्चार मात्र फारच दबका झाला. अमेरिकेत कात्री चुंबनावर चालली, आपल्याकडे जातीच्या नावावर.

कारण या सर्व कथांत तंटा असतो तो ‘मुलगी कोणाची’ यावर. ‘किकबॉक्सर’मधील पुतणीला काय वाटते, हे चित्रपट क्वचितच विचारतो. पळसाचे झाड तर बोलूच शकत नाही. एका काठाने ते राखायचे, दुसऱ्याने तोडून न्यायचे. ‘लेक’ म्हणून ते रोवतात आणि त्याच्यासाठीच डोकी फुटतात. दंतकथेतील तरुणीचे नावदेखील लोकांच्या तोंडी टिकलेले नाही.

पडद्यावरील ठोसा आखलेला असतो, जांबेतील दगड आखलेला नसतो. दरवर्षी जखमींची संख्या शेकड्यांत जाते. कोणाचा डोळा जातो, कोणाचे हाड मोडते. 1955 पासून डझनभर माणसे दगावल्याचे वृत्तपत्रे सांगतात आणि 1978 व 1987 मध्ये पोलिसांना गोळीबार करावा लागल्याची आठवण दर पोळ्याला छापून येते. प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. चेंडू बाजूला पडले आणि हात पुन्हा दगडांकडे गेले. जमावबंदीचा हुकूम निघतो, गोफणीला मनाई होते, आरोग्य शिबिरे उभी राहतात, ड्रोन फिरतो आणि त्या सर्वांच्या देखत गोटमार होते.

प्रथा बंद करावी असे म्हणणारे आणि ही आमच्या चंडीची परंपरा आहे असे म्हणणारे, दोन्ही पक्ष गावातच आहेत. ज्यांच्या घरचा मुलगा परत आला नाही अशी कुटुंबेही त्याच काठांवर राहतात. आज पांढुर्णा आणि सावरगाव हे एकाच वस्तीचे दोन काठ आहेत आणि उरलेल्या 364 दिवशी लोक नदीवरचा पूल ओलांडून बाजाराला जातात.