भुंग्यावरचे खोटे आळ

डाळिंबाच्या खोडाला छिद्रं दिसली आणि जवळच मोठा काळा भुंगा घोंघावत असला, की दोष त्याच्या माथी येतो. जतसारख्या डाळिंबाच्या पट्ट्यात हा गैरसमज महागात पडतो. औषध भलत्याच जिवावर पडतं आणि खरी कीड खोडात राहते. टाचणीने टोचल्यासारखी बारीक छिद्रं पाडणारा शॉट होल बोरर हा जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा भुंगेरा. भुंग्याचं भोक चांगलं बोटभर रुंद, गोल आणि वाळक्या लाकडात असतं. बांधावरच्या घायपाताचा सुकलेला दांडा, मेलेली फांदी, गोठ्याचा वासा ही त्याची घरं.

‘भुंगा लाकूड खातो’ हेही खरं नाही. झायलोकोपा वंशातली ही मोठी मधमाशी आहे आणि तिचं अन्न म्हणजे मकरंद व पराग. मादी जबड्याने लाकूड कुरतडते, पण पोटात घालत नाही. कोरलेल्या बोगद्यात ती परागाचा गोळा ठेवते, त्यावर एक अंडं घालते आणि भुशाचा पडदा उभारून पुढची खोली करते. पोळं नाही, कामकरी माश्यांचा ताफा नाही, काढून खाण्याजोगा मधही नाही. कीटकांमधली सर्वांत मोठी अंडी मात्र याच वंशात सापडतात.

तोंडासमोर येऊन तरंगणाऱ्या भुंग्याची भीती वाटते. तो बहुतेकदा नर असतो, आपली हद्द राखत असतो. नांगी फक्त मादीला असते आणि हातात दाबल्याशिवाय ती सहसा डंख करत नाही.

त्याचं खरं मोल फुलांत कळतं. वांग्याच्या आणि माळावरच्या तरवडाच्या फुलात पराग टोकाच्या छिद्रातूनच बाहेर पडतो. भुंगा फुलाला बिलगून पंख न हलवता अंग थरथरवतो, तेव्हा पराग झडतो. पोळ्यातल्या मधमाशीला हे जमत नाही. रुईच्या फुलातल्या परागाच्या जड पुड्याही भुंगेच वाहून नेतात. तुरीच्या फुलांवरही त्यांचा राबता असतो. भीमाशंकरच्या जंगलात तर रात्री, ताऱ्यांच्या उजेडात रंग ओळखणारी भुंग्याची एक जात आहे. तिच्यावरचं संशोधन 2008 मध्ये प्रसिद्ध झालं.

घराचा वासा वाचवायचा असेल तर त्याला रंग लावा, रंगवलेलं लाकूड भुंगे टाळतात. बांध साफ करताना घायपाताचे दोन-चार वाळके दांडे तेवढे उभे ठेवा, आणि फुलोऱ्यात दुपारची फवारणी करू नका.