पावसाळ्यातले दार आणि रायफलचा नेम

सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात सहज लागणारे लाकडी दार पावसाळ्यात चौकटीत अडकते, हे तुम्ही पाहिले असेलच. हवेतील बाष्प शोषून लाकूड फुगते. लाकडी दस्त्याच्या रायफलचेही असेच होते!

बोल्ट मागेपुढे सरकवून काडतूस भरायची, कारखान्यात तयार झालेली शिकारी रायफल घ्या. फुगलेला दस्ता तिच्या पोलादी नळीला ढकलतो आणि नेम बिघडतो. म्हणून नेमबाज परवानाधारक कारागिराकडून ॲल्युमिनियमचा दस्ता बसवून घेतात. नळी पुढे कोठेही दस्त्याला टेकता कामा नये. मधल्या फटीतून कागदाची पट्टी विनाअडथळा सरकली पाहिजे.

एवढ्याने काय बिघडते? हिशेब करा. ५० मीटरच्या स्पर्धेत दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो. नळी ६५ सेंटिमीटर लांब धरा. मागचे टोक स्थिर राहून पुढचे तोंड ०.०७ मिलिमीटर, म्हणजे केसाच्या जाडीइतके, सरकले, तर समरूप त्रिकोणांच्या नियमाने गोळीचा मध्य सुमारे ५.४ मिलिमीटर ढळतो, म्हणजे त्या वर्तुळाबाहेर जातो!

कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले, ते याच अंतरावर, उभे राहून, गुडघ्यावर बसून आणि पालथे झोपून नेम धरत. ‘केसभरही ढळू नये’ म्हणजे काय, ते आता कळले ना?